फी नाही, पण वेळ कुठे आहे?



परीक्षा संपत आल्या की आपल्या गटांच्या बैठकीत बचतीचा हिशोब उरकतो आणि दुसरा विषय निघतो: आता दीड-दोन महिने मुलांचं करायचं काय? शहरातल्या मुलांना सुट्टीची शिबिरं असतात. पोहणं, चित्रकला, नाटक, संगणक, सगळं असतं आणि त्याची फीही असते. आपल्याकडे मुलं उन्हातान्हात हिंडतात, मोबाईल हाती लागला तर त्यात डोकं घालतात, आणि जून उजाडेपर्यंत आलेलं वाचनही थोडं विसरतात. मग कुणीतरी म्हणतं, समाजमंदिर रिकामंच आहे, तिथे आपणच वर्ग घेऊ या. गोष्टी, गाणी, वाचन, थोडं गणित. पैसा एक घ्यायचा नाही.

विचार चांगला आहे. तो नवा मात्र नाही. शाळेच्या वेळेबाहेर, शाळेच्या भिंतीबाहेर, गरिबांच्या मुलांसाठी फुकट वर्ग चालवण्याला आपल्या महाराष्ट्रात जवळजवळ एकशे सत्तर वर्षांचा इतिहास आहे. आज आम्ही त्याबद्दल बोलणार आहोत, कारण त्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. वर्ग फुकट ठेवला म्हणून जिच्यासाठी तो काढला ती मुलगी येतेच असं नाही. फी माफ करता येते. पण तिचा वेळ घरात, रानात, पाण्याच्या रांगेत आणि धाकट्या भावाला कडेवर घेण्यात आधीच वाटून गेलेला असतो. तो वेळ कुठून काढायचा, याचं उत्तर ज्यांनी शोधलं त्यांचे वर्ग भरले. बाकीच्यांचे बंद पडले.

गुरं कोण राखणार?

जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्याला पाठ आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाईंचा फोटो ठेवून आपण हार घालतो. पण १८५५ मध्ये या दोघांनी आपल्या घरी रात्रशाळा सुरू केली, हे कमी वेळा सांगितलं जातं. दिवसभर शेतात किंवा कामावर राबणाऱ्या माणसांसाठी ती शाळा होती. दिवसा येता येत नाही ना, मग रात्री या, अशी साधी गोष्ट. शाळेने आपलं घड्याळ शिकणाऱ्याच्या घड्याळाला जुळवून घेतलं.

पुढे १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाची चौकशी करायला एक आयोग नेमला. विल्यम हंटर त्याचे अध्यक्ष होते. जोतीरावांनी त्या आयोगापुढे लेखी निवेदन दिलं. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सगळ्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी त्यात होती. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपण बायांनी नीट ऐकावी अशी आहे. शेतकऱ्यांची मुलं शाळेत का येत नाहीत? कारण घरात दारिद्र्य आहे, आणि गुरं राखायला, शेतात मदत करायला त्या मुलांचे हात लागतात. म्हणून नुसत्या शाळा बांधून भागणार नाही. या मुलांना शिष्यवृत्त्या द्या, बक्षिसं द्या, म्हणजे आईबापांना मुलं पाठवणं परवडेल.

अडाणी आईबापांना शिक्षणाची किंमत कळत नाही, हे वाक्य आपण आजही कितीदा तरी ऐकतो. जोतीरावांनी दोष आईबापांच्या डोक्याला दिला नाही. त्यांनी बोट गुरांकडे दाखवलं. मूल शाळेत गेलं तर गुरं कोण राखणार, हा खरा प्रश्न होता.

रात्रशाळेत शिकलेली एक मुलगी

पुढच्या काळात मुंबई-पुण्यात रात्रशाळा वाढल्या. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली. गिरणी कामगारांसाठी या संस्थेने रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. इकडे कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा निर्णय घेतला. हा सगळा पट मोठा आहे. आम्ही त्यातून एकच धागा धरतो.

१७ मार्च १९१० रोजी जन्मलेली मोरगावची एक मुलगी. होय, तेच गणपतीचं मोरगाव. तेराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि सहा महिन्यांत ती विधवा झाली. त्या काळात अशा मुलीचं पुढे काय व्हायचं ते आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितलेलं आहे. या मुलीला मात्र घरातून शिकायला पाठिंबा मिळाला. ती शिक्षिका झाली. पुण्यात हुजूरपागेच्या शाळेत दिवसा नोकरी करायची आणि रात्रशाळेत शिकायचं, असं करून १९३७ मध्ये ती मॅट्रिक झाली. या बाई म्हणजे अनुताई वाघ.

दिवसाच्या शाळेचं दार ज्याला बंद असतं त्याचं काय होतं, हे अनुताईंना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पुढे त्यांनी जे काम केलं ते समजून घेताना हे लक्षात ठेवू या.

मुलं येत नाहीत, तर आपण जाऊ

१९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर भरलं होतं. तिथे अनुताईंची गाठ ताराबाई मोडकांशी पडली. ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचं मोठं काम केलं होतं, आणि १९२६ मध्ये दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला होता. मादाम माँटेसरींची पद्धत त्यांना चांगली ठाऊक होती. पण ती पद्धत तोवर शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांपर्यंतच पोचली होती. माँटेसरींची लाकडी साधनं महाग. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला हे कसं मिळणार, हा प्रश्न ताराबाईंना छळत होता.

म्हणून डिसेंबर १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. बोर्डी हे डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. तेव्हा ठाणे जिल्हा, आता पालघर. अनुताई पुणं सोडून तिथे आल्या.

बालवाडी सुरू झाली. काही घरची मुलं येऊ लागली. दलित वस्तीतली मुलं मात्र येईनात. फी नव्हती, दार उघडं होतं, बोलावणंही होतं. तरी येईनात. त्या काळातली शिवाशिव आठवा. ज्या गल्लीतून जायला कचरायचं, त्या गल्लीच्या टोकाला उघडं दार असून काय उपयोग? त्यात आई सकाळीच कामावर गेलेली. मुलाला आंघोळ घालून, केस विंचरून, हात धरून पोचवणार कोण?

अशा वेळी खूप जण म्हणतात, आम्ही बोलावलं, त्यांनाच नको आहे. ताराबाई आणि अनुताई बालवाडीच उचलून वस्तीत घेऊन गेल्या. वस्तीतलं एखादं अंगण झाडायचं, सारवायचं, मुलांना गोळा करायचं, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. लाकडी साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या आल्या. मोजायला चिंचोके पुरले. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी.

आज आपण अंगणवाडी म्हणतो तेव्हा पोषण आहार, वजनकाटा आणि रजिस्टर डोळ्यापुढे येतं. पण हे नाव जन्मलं ते एका साध्या निर्णयातून. मूल आपल्यापर्यंत येत नसेल, तर आपण मुलापर्यंत जायचं.

कुरणात शाळा, शाळेत पाळणा

बोर्डीजवळच कोसबाडची टेकडी आहे. आजूबाजूला वारली आदिवासींचे पाडे. या भागात तेव्हा वेठबिगारी होती. लग्नासाठी कर्ज काढलं म्हणून नवराबायको दोघंही सावकाराकडे वर्षानुवर्षं राबायची. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरीला वारल्यांचा मोठा मेळावा झाला, गोदावरी परुळेकरांनी तिथल्या लढ्याचं नेतृत्व केलं, आणि वारल्यांनी वेठ नाकारली. माणसं जागी झाली होती. पण दारिद्र्य एका दिवसात जात नाही. पाड्यावरचं सात-आठ वर्षांचं मूलही कामाचं मूल होतं.

१९५७ च्या सुमारास ताराबाई आणि अनुताईंनी आपलं केंद्र कोसबाडला नेलं. तिथे त्यांच्यासमोर तोच जुना प्रश्न उभा राहिला, जो जोतीरावांनी १८८२ मध्ये लिहून ठेवला होता. मुलं गुरांमागे जातात. शाळेत येणार कधी?

उत्तर निघालं ते असं, की गुरं जिथे चरतात तिथेच शाळा भरवायची. तिचं नाव कुरणशाळा. शिक्षक मुलांबरोबर कुरणात जायचे. गुरं चरत असायची, मुलांचं एक लक्ष गुरांकडे आणि एक लक्ष पाटीकडे. झाडाखाली अक्षरं, गोष्टी, गाणी, आणि आजूबाजूचं रान म्हणजेच विज्ञानाचं पुस्तक. मुलाला काम सोडायला सांगितलं नाही, कारण काम सोडलं असतं तर घरची चूल अडली असती. कामाच्या कडेने शिक्षण सुरू केलं. ज्यांना दिवसभर अजिबात सवड नाही, त्यांच्यासाठी रात्रीचे वर्गही होते.

हे झालं गुराख्यांचं. मुलींची अडचण आणखी वेगळी होती, आणि ती ओळखायला बाईचीच नजर लागली. मुलगी गुरांमागे नसेल तर तिच्या कडेवर मूल असतं. आई कामावर गेली की धाकट्या भावंडाची आई हीच. ती शाळेत आली तर कडेवरचं मूल घेऊनच येणार. मूल रडणार, वर्ग बिघडणार, मास्तर रागावणार, आणि दुसऱ्या दिवशी मुलगी येणार नाही.

कोसबाडला एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी जोडणी केली. तिला विकासवाडी म्हणतात. ताईने तान्हं मूल पाळणाघरात ठेवायचं, तीन-चार वर्षांच्या भावाला बालवाडीत बसवायचं आणि स्वतः पाटी घेऊन शाळेत जायचं. तिघंही एकाच आवारात, हाकेच्या अंतरावर.

मैत्रिणींनो, आम्हाला ही सगळी गोष्ट वाचताना इथे थांबावंसं वाटलं. मुलींच्या शिक्षणासाठी पुष्कळ भाषणं झाली आहेत. पण मुलीच्या कडेवरचं मूल आधी उतरवून घ्यायला हवं, हे ओळखून तिथे पाळणा बांधणं याला वेगळी समज लागते. आपल्यापैकी कितीतरी जणींची शाळा कुणाच्या तरी पाळण्यापायीच सुटलेली आहे.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी कोसबाडचं काम १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत केलं. त्यांचं आत्मचरित्र ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या नावाने आहे. गावच्या वाचनालयात मिळालं तर गटात मिळून जरूर वाचा.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने देशातल्या ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळालं. बोर्डीच्या वस्तीतला शब्द साऱ्या देशात गेला. ज्या बायका हे काम करतात त्यांना मात्र पगार नाही, मानधन मिळतं. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते २५ एप्रिल २०२२ रोजी. तोवर योजनेला सेहेचाळीस वर्षं उलटून गेली होती. आपल्या वर्गाचा विचार करताना हेही डोळ्याआड करू नये.

संध्याकाळची वेळ मुलींनी ठरवली

१९७९ पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत असाच एक मोठा प्रयत्न झाला. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचा. जे. पी. नाईक आणि चित्राताई नाईक या दाम्पत्याची ही संस्था. नऊ ते चौदा वर्षांची, शाळेत कधीच न गेलेली किंवा मधेच शाळा सुटलेली मुलं या कामाच्या केंद्रस्थानी होती. त्यात मुलींची संख्या मोठी होती. साहजिकच आहे, शाळा सुटते ती आधी मुलीचीच.

इथे वर्ग भरायचे ते बहुधा संध्याकाळी, दिवसाची कामं आटोपल्यावर, साधारण दोन तास. वेळ वरून ठरून आली नव्हती. गावातल्या लोकांनी, आईबापांनी आणि मुलांनी मिळून ती ठरवायची. शिकवणारे गावातलेच असायचे. पुस्तकातही गावातलंच जगणं. परीक्षेच्या धाकाऐवजी मुलांची जत्रा भरायची. आसपासच्या वर्गांतली मुलं एकत्र यायची, खेळायची, गायची, आणि त्या खेळांतूनच कुणाला काय येतं ते कळायचं.

आता घरातल्या दृष्टीने बघा. दिवसभर गुरांमागे, शेतात, चुलीपुढे असलेली बारा वर्षांची मुलगी संध्याकाळी दोन तास पाटी घेऊन बसते. तिथे ती कुणाची ताई नसते, कुणाची मोलकरीण नसते. मैत्रिणींबरोबर असते, हसते, गाणं म्हणते. शिक्षण म्हणजे अक्षरं तर आहेतच, पण स्वतःचे म्हणून दोन तास मिळणं हेही शिक्षणच आहे.

ऊसतोडीचा हंगाम

काही मुलांचं घड्याळ तर दिवसाचं नसून हंगामाचं असतं. दिवाळीनंतर मराठवाड्यातल्या टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मागे ट्रॉलीत चूल, भांडी, शेळी आणि मुलं. थेट उन्हाळ्यापर्यंत कारखान्याच्या परिसरात कोपीत राहायचं. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं, पण या मुलांचं ऐन मधे तुटतं.

त्यावर दोन प्रकारचे उपाय झाले. मुलं जिथे जातात तिथे, कारखान्याच्या परिसरात, साखरशाळा काढल्या. दुसरा उपाय म्हणजे हंगामी वसतिगृहं. आईबाप गेले तरी मूल गावातच राहावं, त्याच्या जेवणाखाण्याची सोय व्हावी आणि शाळा तुटू नये. दोन्हींमागचा विचार कोसबाडचाच: मुलाच्या जगण्याचा आराखडा आधी बघा, मग शाळेचा आखा. दोन्हींचं दुखणंही एकच. हंगाम कुणासाठी थांबत नाही. व्यवस्था उशिरा झाली की तेवढ्यात मूल उसाच्या फडात पोचलेलं असतं, आणि मोठी मुलगी असेल तर कोपीवर स्वयंपाक करत असते.

शंभरात आठ

१९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधून प्रथम ही संस्था सुरू झाली. आधी बालवाड्या, मग शाळेत मागे पडलेल्या मुलांसाठी बालसखी. बालसखी म्हणजे वस्तीतलीच थोडी शिकलेली तरुणी. ती पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसायची आणि सुटलेलं वाचन, गणित करून घ्यायची. मुंबई आणि वडोदऱ्यात याचा नीट अभ्यास झाला आणि मुलांची प्रगती झालेली दिसली. अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. पुढे २०१९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण आज सांगायची आहे ती मुंबईबाहेरची गोष्ट. हीच संस्था खेड्यांत गेली तेव्हा उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात एक प्रयोग झाला. गावातल्याच तरुण मुलामुलींना थोडं प्रशिक्षण दिलं. त्यांनी शाळेच्या वेळेबाहेर, मानधन न घेता, वाचनाचे वर्ग चालवले. म्हणजे आपण जे करू म्हणतो आहोत तेच. जी मुलं वर्गाला आली त्यांना चांगला फायदा झाला. अक्षर न ओळखणारी मुलं अक्षरं ओळखू लागली, काही पुढे वाचू लागली. मात्र गावातल्या शंभर मुलांपैकी वर्गाला आली जेमतेम आठ. ज्यांना वाचताच येत नव्हतं, त्यांच्यातलीही शंभरात तेराच.

वर्ग चांगला होता, फुकट होता, शिकवणारे गावचेच होते, आणि तरी शंभरातली ब्याण्णव मुलं आलीच नाहीत. १९४५ च्या बोर्डीतही हेच झालं होतं. फरक एवढाच, की बोर्डीला दोन बायकांनी विचारलं, येत का नाहीत? आणि उत्तर मिळेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

याच कामातला बिहारचा अनुभव उमेद देणारा आहे. २००८ च्या उन्हाळ्यात तिथे महिनाभराची शिबिरं भरली. शिकवायला सरकारी शाळेतलेच शिक्षक होते आणि त्यांना त्याचा वेगळा मोबदला दिला होता. अभ्यासक्रम पुरा करायची घाई नव्हती. मूल कितवीत आहे हे न बघता त्याला काय येतं ते बघायचं आणि तिथून पुढे न्यायचं. एका महिन्यात मुलांचं वाचन सुधारलं. तेच शिक्षक, तीच मुलं. पद्धत बदलली, सुट्टीचा मोकळा वेळ मिळाला आणि कामाचा मोबदला मिळाला.

आपल्या महाराष्ट्रात २०२२ च्या उन्हाळ्यात ‘पहिले पाऊल’ नावाचं अभियान झालं, ते तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिलं असेल. पहिलीत जाणाऱ्या मुलांचे शाळेत मेळावे झाले, आणि मधल्या सुट्टीच्या काळात मातांचे गट करून आयांनी घरच्या घरी मुलांकडून खेळ, गोष्टी, मोजणी करून घेतली. कोरोनात दोन वर्षं मुलांनी अंगणवाडीचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तेव्हा शेवटी भिस्त कुणावर ठेवली? आयांच्या गटांवर. म्हणजे आपल्यावर.

पूल आणि पांघरूण

एक आक्षेप मात्र ऐकून घ्यायला हवा. काही जण म्हणतात, श्रीमंताच्या मुलाला दिवसाची शाळा आणि गरिबाच्या मुलाला रात्रीचा वर्ग, हा कुठला न्याय? बारा वर्षांच्या मुलीने दिवसभर राबायचं आणि थकल्या डोळ्यांनी संध्याकाळी पाटी धरायची, याचं कौतुक कसलं करता?

आक्षेप खरा आहे. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत पूर्ण वेळ, मोफत शिकण्याचा हक्क आहे. आपला वर्ग त्या हक्काच्या जागी बसता कामा नये. शाळेत मास्तर कमी आहेत, मुलींचं स्वच्छतागृह बंद आहे, हे सगळं तसंच राहिलं आणि त्यावर आपल्या फुकटच्या वर्गाचं पांघरूण पडलं, तर आपण मुलींचं नुकसानच करू.

जोतीरावांनी काय केलं ते आठवू या. घरात रात्रशाळा चालवली आणि सरकारकडे सक्तीच्या शिक्षणाची मागणीही केली. दोन्ही केलं. आज जे मूल समोर आहे त्याला थांबायला वेळ नाही, म्हणून रात्रशाळा. उद्या कुणालाच रात्री शिकावं लागू नये, म्हणून मागणी. आपला वर्ग हा मुलीला शाळेपर्यंत नेणारा पूल असला पाहिजे.

आपण काय करू शकतो

तर मग समाजमंदिरात वर्ग काढायचा ठरवलात, तर आमची विनंती अशी. खडू-फळा आणण्याआधी गटात एक कागद घ्या. वस्तीतल्या आठ ते चौदा वर्षांच्या मुलींची नावं लिहा. प्रत्येक नावापुढे ती पहाटेपासून रात्रीपर्यंत काय करते ते लिहा. पाणी कधी, शेण कधी, शेळ्या कधी, धाकटं कुणाच्या ताब्यात. टँकर कुठल्या वेळी येतो तेही लिहा. हा कागद भरला की वर्गाची वेळ आपोआप दिसेल. कदाचित ती आपल्या सोयीची नसेल.

मग दुसरा प्रश्न. वर्ग चालू असताना धाकटी मुलं कोण बघणार? गटातल्या दोन जणींनी पाळीपाळीने शेजारच्या खोलीत तेवढं सांभाळलं, तर तीन-चार मुली नक्की वाढतील. अंधार पडल्यावर वर्ग सुटणार असेल तर मुलींना घरी पोचवणार कोण, हेही आधीच ठरवा. नाहीतर पहिल्या आठवड्यातच एखादा बाप नको म्हणेल, आणि त्याची काळजी खोटी नसेल.

मुलं इयत्तेने बसवू नका. अक्षर येत नाही ती एकीकडे, शब्द वाचणारी दुसरीकडे, गोष्ट वाचणारी तिसरीकडे. कुणी हसणार नाही, याची जबाबदारी शिकवणारीची.

आणि शेवटचं, शिकवणारीचं. गावातली बारावी झालेली मुलगी किंवा नवी सून हे काम आनंदाने करेल. पण आनंदाने करते म्हणून फुकट करून घेऊ नका. गटातून, ग्रामपंचायतीकडून, जमेल तिथून थोडं मानधन उभं करा. मुलांसाठी वर्ग मोफत असावा. तो चालवणाऱ्या बाईच्या कष्टावर मोफत नसावा.

हे सगळं एका बैठकीत होणार नाही. पण मुलींच्या दिवसाचा तो कागद एका बैठकीत नक्की होतो. पुढच्या बैठकीत तेवढं करा, आणि तुमच्या वस्तीचा कागद काय सांगतो ते आम्हाला कळवा. काही गटांचे कागद आपण इथेच, रेडिओवर, मुलींची नावं न घेता वाचून दाखवू.